मानधनासमोरचं शून्य आणि तुमचे इतर प्रश्न

प्रश्न: नाटकाला शंभर माणसं येणार, मग न बघणाऱ्यांच्या टॅक्समधून त्याला सरकारी अनुदान का?

रोखठोक विचारलंत, बरं केलंत. 'रोजगार वाढतो' वगैरे उत्तर मी देणार नाही, कारण सगळी भिस्त त्यावर ठेवली की ज्या कलेला फायदा दाखवता येत नाही ती पहिली मरते. खरी गोची बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडली, की कारखान्यात यंत्र आलं की तेवढेच कामगार कितीतरी जास्त माल काढतात, पण चौघांनी वाजवायची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार जण लागायचे आणि आजही चारच लागतात, आणि त्यांचा घरखर्च मात्र बाकी जगाबरोबर वाढतच जातो. मग एकतर तिकीट महाग करा, नाहीतर कुणीतरी फरक भरा. आत्ता बहुतेक ठिकाणी तो कलाकारच भरतोय, फक्त त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

प्रश्न: सरकारचे पैसे घेतले की सरकारचं ऐकावंच लागणार ना?

भीती खरी आहे. म्हणून तर ब्रिटनने १९४६ ला आर्ट्स कौन्सिल काढलं, पैसा सरकारचा पण कुणाला द्यायचा ते कौन्सिल ठरवणार. (कौन्सिलवर कोण बसणार हे परत सरकारच ठरवतं, ते सोडा.) मला आयर्लंडचा प्रकार जास्त आवडला. २०२२ ला त्यांनी पात्र कलाकारांमधून सरळ सोडत काढून २,००० जणांना आठवड्याला ३२५ युरो सुरू केले. सोडतच म्हटल्यावर कुणाची मर्जी सांभाळणार?

प्रश्न: आमचा छोटा गेम स्टुडिओ आहे, आम्ही कलेच्या अनुदानात बसतो का?

बसता की. ब्रिटनच्या १९९८ च्या क्रिएटिव्ह इंडस्ट्रीजच्या (म्हणजे कला-कल्पनेवर चालणाऱ्या उद्योगांच्या) यादीत १३ क्षेत्रं होती, त्यात गेम्सपण होते. फक्त गेम्सना बरेचदा अनुदानाऐवजी टॅक्स सवलत असते आणि ती खर्च केल्यावर हातात येते, म्हणजे आधी खिशात पैसे हवेतच. प्रोटोटाइपसाठी (गेमच्या पहिल्या कच्च्या नमुन्यासाठी) वेगळा फंड आहे का ते आधी बघा.

प्रश्न: नाटकाच्या अनुदानासाठी तीनदा अर्ज केला, तीनदा नकार. बजेट सोबत जोडलंय, काय चुकतंय?

ताई, बजेट नीट बघितलं. हॉलचं भाडं, लाइट, कपडेपट, अगदी बॅनरच्या दोरीपर्यंत सगळं आहे, आणि 'दिग्दर्शक मानधन' समोर शून्य. तुम्हाला वाटलं असेल रक्कम कमी दिसली की समिती खूश होईल. मी अशा समित्यांवर बसलोय, तिथे ते शून्य बघून कुणी त्याग म्हणत नाही, ही बाई तिसऱ्या महिन्यात पोटापाण्याचं दुसरं काम धरणार आणि प्रोजेक्ट लटकणार असंच वाटतं. दुसरं म्हणजे 'इतर खर्च' हा एकूण रकमेचा पाचवा हिस्सा आहे, तो फोडून लिहा. आणि शेवटचा हप्ता बहुतेक वेळा पूर्तता अहवाल दिल्यावरच येतो, तोपर्यंत लाइटवाल्याला काय देणार तेही दोन ओळीत सांगा. पण आधी ते शून्य खोडा.