बेळगाव भागातल्या पर्यावरणपूरक स्थानिक व्यवसायांसाठी वेबसाइट कशी रचावी?

डिझाइनच्या आधी शोधाचा विचार करा. आपल्याकडे एकाच घरात आजी मराठीत, नातू कन्नडमध्ये आणि सून इंग्रजी अक्षरांत टाइप करते. म्हणून प्रत्येक व्यवसायाचं नाव तिन्ही लिप्यांत साठवा. ‘बेळगाव’, ‘बेळगावी’, ‘बेलगाम’ काहीही टाकलं तरी तेच दुकान सापडलं पाहिजे. हे जमलं की निम्मं काम झालं. नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप वापरा, फुकट आहे.

‘इको-फ्रेंडली’ असा नुसता शिक्का मात्र देऊ नका, तो कुणीही लावून घेतो. त्याऐवजी साधी माहिती लिहा. खानापूरच्या कुंभाराचं पान असेल तर माती कुठली, भट्टीत काय जळतं, माठ गवतात बांधून देतात की प्लॅस्टिकमध्ये. हुदलीच्या खादीचं असेल तर सूत हातानं कातलेलं आहे का. गांधीजी १९३७ मध्ये तिथे राहून गेले होते, तेही जरूर लिहा. आणि ‘शेवटची खात्री कधी केली’ ती तारीख प्रत्येक पानावर हवीच.

फॉर्म भरायला लावू नका. कारागिराचे हात मातीत असतात. त्यांना व्हॉट्सॲपवर बोलून माहिती पाठवू द्या, टाइप तुम्ही करा.