भावकीची सामायिक वंशावळ : वाचकांचे प्रश्न

न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2023 साली मराठा समाजाच्या कुणबी प्रमाणपत्रांसाठी निजामकालीन नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून मराठवाड्यातील अनेक घरांत खासरा व पाहणी पत्रके (जमीन-पिकांच्या नोंदी) आणि कोतवाल बुके (जन्म-मृत्यूच्या नोंदी) यांच्या प्रती गोळा झाल्या आहेत. त्या कागदांवरून भावकीची वंशावळ इंटरनेटवर सर्वांनी मिळून भरावी, असा प्रयत्नही घराघरांत होतो आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे त्यातून उभ्या राहिलेल्या अडचणींविषयी आहेत.

प्रश्न : मी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आमच्या भावकीची वंशावळ भरली आहे. पुण्यातील पुतण्याही आता त्यात काम करतो. आजोबा-पणजोबांची नावे त्याला दिसतात. परंतु मी भरलेली चुलत भावंडांची नावे दिसत नाहीत, म्हणून त्याने ती पुन्हा भरली. शिवाय माझ्या दिवंगत चुलत्यांचे जन्मवर्ष मी 1931 लिहिले होते, ते त्याने मला न विचारता 1934 केले. मी पूर्ववत केले, त्याने पुन्हा बदलले. आता आमचे बोलणेही बंद आहे. काय करावे? (सेवानिवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर : आपल्या पुतण्याला नावे दिसत नाहीत, यात त्याचा किंवा आपला काहीही दोष नाही. फॅमिलीसर्चवर साऱ्या जगाचे मिळून एकच झाड आहे. त्यातील मृत व्यक्तींची माहिती कोणालाही पाहता येते आणि सुधारता येते. जिवंत व्यक्तीची नोंद मात्र ती भरणाऱ्यालाच दिसते. त्यामुळे आपण भरलेला चुलत भाऊ आणि पुतण्याने भरलेला तोच चुलत भाऊ या तेथे दोन वेगळ्या नोंदी आहेत. पुढे त्यांच्या निधनाची नोंद झाली की दोन्ही उघड होतील आणि कोणाला तरी त्या एकत्र कराव्या लागतील. यावर उपाय म्हणून निमंत्रित नातेवाइकांना जिवंत व्यक्तीही एकत्र पाहता याव्यात, अशी कुटुंबगटाच्या झाडाची सोय फॅमिलीसर्चने अलीकडे केली आहे. तेथे पुतण्याला निमंत्रण पाठवावे. मायहेरिटेजसारख्या ठिकाणी झाड एका कुटुंबाचे असते आणि कोणी केवळ पाहावे, कोणी बदल करावा, हे झाड उघडणारा ठरवतो. भावकी मोठी असेल आणि सगळे जण सारख्याच काळजीने लिहिणारे नसतील, तर मला ही दुसरी पद्धत अधिक बरी वाटते.

येथेच एक गोष्ट आवर्जून सांगतो. एखादे माणूस गेल्यावर त्याची नोंद ‘मृत’ अशी करण्याची घाई करू नये. तो बदल होताच ती नोंद सर्वांसाठी खुली होते, आणि घरच्या लेकीला वडील गेल्याचे वंशावळीतून कळावे, यासारखे दुर्दैव नाही. दिवसकार्य पार पडू द्यावे आणि मग घरच्यांना विचारून तो बदल करावा.

आता जन्मवर्षाविषयी. आपण 1931 कशावरून लिहिले आणि पुतण्याने 1934 कशावरून, हे पत्रात कोठेही नाही, आणि माझ्या मते भांडणाचे मूळ तेथेच आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कागदांवर फसली साल, म्हणजे महसुली कामातील वर्ष, लिहीत. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन मिळतो. मात्र हे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदलत असल्याने जानेवारीपासूनच्या घटनेसाठी 591 मिळवावे लागतात. म्हणजे फसली 1341 चा जन्म 1931 चाही असू शकतो आणि 1932 चाही. दुसरीकडे शाळेच्या दाखल्यावरील तारीख पुष्कळदा गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लिहिलेली असते. त्या पिढीतील कितीतरी जणांचा जन्म दाखल्यावर 1 जूनचाच आहे, हे आपण शिक्षक असल्यामुळे माझ्यापेक्षा चांगले जाणता. आपल्या हाती एक प्रकारचा कागद आणि पुतण्याच्या हाती दुसरा, असे असण्याची बरीच शक्यता आहे. तसे असेल तर दोघांचेही कागद खरे आहेत.

म्हणून दोन्ही कागदांची छायाचित्रे चुलत्यांच्या नोंदीस जोडावीत, जे वर्ष अधिक विश्वसनीय वाटेल ते मुख्य जागी लिहावे आणि दुसरे टिपणात राहू द्यावे. फॅमिलीसर्चवर बदल करताना कारण लिहिण्याची जागा असते आणि कोणी, कधी, काय बदलले याचा इतिहासही राहतो. ती कारणाची जागा दोघांनी रिकामी सोडली नसती, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला असता. ज्या नोंदींविषयी आपल्याला विशेष आस्था आहे, त्यांवर लक्ष ठेवण्याची सोय चालू केल्यास बदल झाल्याची सूचना आपल्याला मिळत राहील. मात्र या सगळ्याच्या आधी पुतण्याला फोन करावा, आणि तो आपण करावा, कारण वडीलधाऱ्याचा फोन आला की पुतण्याला नमते घेणे सोपे जाते.

गावांच्या नावांबाबतही हाच वाद पुढे उद्भवणार आहे, म्हणून तो आताच मिटवून ठेवावा. आपले अंबाजोगाई निजामकाळात मोमिनाबाद होते. लातूर 1982 पर्यंत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. जालना 1981 साली आणि हिंगोली 1999 साली वेगळा जिल्हा झाला. घटना घडली तेव्हाचे नाव लिहावे आणि आजचे नाव टिपणात द्यावे. असे केल्यास पुढच्या पिढीला मूळ दप्तर नेमके कोणत्या नावाखाली शोधायचे, ते कळेल.

जुन्या नोंदीतील नाव आपल्या पणजोबांना जोडतानाही सावध राहावे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडे रीत असल्याने एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन-तीन पुरुष सापडतात. गट किंवा सर्व्हे क्रमांक, वडिलांचे नाव आणि भावांची नावे जुळल्याखेरीज ती नोंद आपली मानू नये. कुणबी प्रमाणपत्रासाठी द्यावयाची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. तेथे ऑनलाइन झाड हा पुरावा नाही, पुरावा मूळ कागदच आहे.

प्रश्न : माझ्या आत्याचे पहिले लग्न फार लहान वयात झाले आणि वर्षभरात मोडले. पुढे तिचे दुसरे लग्न झाले आणि संसार चांगला झाला. तिच्या मुलांना पहिल्या लग्नाविषयी ठाऊक नाही. माझ्या भावाने जीनी या वंशावळीच्या संकेतस्थळावरील सामायिक झाडात दोन्ही लग्ने लिहिली. कळल्यावर आत्या फार रडली. भाऊ म्हणतो, वंशावळीत खोटे चालत नाही. कोणाचे बरोबर? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आत्याचे. पहिल्या लग्नाची नोंद आजच काढावी, आणि ती काढण्यापूर्वी भावकीची बैठक घेऊ नये. अशा बैठकीत तीच गोष्ट आणखी दहा जणांना कळते.

आपल्या भावाच्या सत्यनिष्ठेचा मी आदर करतो. परंतु न लिहिणे आणि खोटे लिहिणे यांत मोठे अंतर आहे. आत्याला पहिले लग्न झालेच नव्हते असे लिहिले असते, तर ते खोटे ठरले असते. त्याविषयी मौन बाळगणे हा आत्याचा अधिकार आहे, कारण ते आयुष्य तिचे आहे. पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाविषयी लिहावे की नाही, हे साऱ्या भावकीने मिळून ठरवावे, कारण त्यांना विचारणे आता शक्य नाही. आत्या मात्र आपल्यासमोर आहे आणि तिने उत्तर दिले आहे.

केवळ नोंद पुसून काम संपत नाही. बदलांच्या इतिहासात ती अजून वाचता येते का, कोणी त्या पानाचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकले आहे का, आणि कोणी झाडाची फाइल उतरवून घेतली आहे का, हे भावाने स्वतः पाहावे. गटातील छायाचित्र हटवण्याची विनंती करताना कारण सांगू नये. आत्याची तयारी असेल तर, आणि तरच, ही हकिकत घरातील वहीत लिहून ठेवता येईल आणि ती कधी उघडावी हे तिला ठरवता येईल.

यापुढे जिवंत माणसांसाठी एक मर्यादा आखून घ्यावी, असे मी सुचवतो. नाव, नाते आणि थोरल्या की धाकट्या पातीचे, एवढे पुरेसे आहे. पूर्ण जन्मतारीख, फोन क्रमांक, घटस्फोट, आजार, दत्तक आणि जमिनीचे वाद झाडात येऊ नयेत. आईचे माहेरचे आडनाव आणि जन्मतारीख यांचा उपयोग काही ठिकाणी ओळख पटवण्यासाठी केला जातो, हेही भावाच्या लक्षात आणून द्यावे. लहान मुलांच्या बाबतीत आई आणि वडील दोघांचीही संमती घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे 2023 चा कायदा आहे. परंतु व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही. त्यामुळे आत्याची काळजी कायद्यावर सोपवता येणार नाही. ती भाच्यांनीच घ्यायची आहे.

प्रश्न : सासरच्या वंशावळीत माझे लग्नानंतरचे नाव आहे, माहेरचे नाही. नणंदांची नावे आहेत, त्यांच्या मुलांची नाहीत. दीर म्हणतात, वंश पुरुषांकडूनच चालतो. (एक भगिनी, नांदेड)

उत्तर : काही सरकारी कामांसाठी पुरुषांकडून चालणारी वंशावळ मागितली जाते, आणि दिरांच्या डोळ्यांसमोर बहुधा तीच असावी. कुटुंबाचे झाड त्याहून मोठे आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली आणि साऱ्या देशाने 2005 साली मान्य केला आहे. तेव्हा मुलींपाशी फांद्या तोडण्याला वारसाचाही आधार उरलेला नाही.

व्यवहाराची बाजूही आहे. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर कित्येकदा पहिले नावही बदलते. माहेरच्या कागदांत एक नाव, सासरच्या कागदांत दुसरे, आणि दोन्ही एकाच स्त्रीची आहेत हे सांगणारे कोणी मागे राहिले नाही, तर ती कागदांतून हरवते. म्हणून या संकेतस्थळांवर जन्मनाव मुख्य आणि लग्नानंतरचे नाव पर्यायी म्हणून लिहिण्याची पद्धत आहे. आपले नाव आपणच त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे, आणि सासूबाईंची, आजेसासूबाईंची माहेरची नावे ज्यांना आठवतात त्यांना याच आठवड्यात विचारावे. नणंदांच्या मुलांची नावे भरण्याआधी मात्र त्यांनाच विचारावे आणि त्यांतील एखाद्या भाचीला झाडात बदल करण्याचा अधिकार द्यावा, म्हणजे त्या फांदीवर काय लिहायचे आणि काय नाही, हे त्या घरातील माणसेच ठरवतील.