क्लिपलेस पेडलसाठी पहिले, परवडणारे बूट कोणते घ्यावेत?

तुमच्याकडे रोड बाइक आहे, आठवडाभर तिच्यावरून कामावर जाता, रविवारी घाट चढता, आणि आता क्लिपलेस पेडल लावायचे ठरवून बुटांसाठी पाच हजारांच्या आसपास खर्च करण्याची तुमची तयारी आहे, असे प्रश्नावरून दिसते. मी पुण्यात आठ वर्षे सायकल चालवतो आहे. या काळात बुटांचे तीन जोड घेतले आणि त्यांतला पहिला सपशेल चुकला, कारण मी आधी बूट पसंत केले आणि क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला बसवून पेडलमध्ये अडकवायच्या तुकड्याचा, विचार नंतर केला. तुम्ही हा क्रम उलटा ठेवावा, म्हणजे निम्मा प्रश्न दुकानात जाण्यापूर्वीच सुटेल.

क्लिपलेस या नावाने नवा माणूस गोंधळतो, कारण या पेडलमध्ये पाय अडकवलेलाच असतो. पूर्वी पेडलवर चवडा धरून ठेवणारा एक पिंजरा आणि पट्टा असे. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत आणि तो गेला म्हणून हे पेडल क्लिपलेस. लुक या फ्रेंच कंपनीने स्कीच्या बुटांच्या खटक्यावरून १९८४ मध्ये ते बाजारात आणले, पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावर टूर डी फ्रान्स ही शर्यत जिंकली, आणि १९९० मध्ये शिमानो या जपानी कंपनीने मुख्यतः माउंटन बाइकसाठी एसपीडी हे पेडल काढले. बुटांचे आजचे दोन प्रमुख प्रकारही याच दोन वळणांचे आहेत.

लुकच्या वळणाच्या पेडलना, म्हणजे शिमानोच्या एसपीडी-एसएल या रोड पेडललासुद्धा, तळाला तीन भोके असलेले बूट लागतात. त्यांची क्लीट मोठी, प्लॅस्टिकची आणि तळव्याबाहेर आलेली असते. पाय टाकायची जागा पेडलच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे सिग्नल सुटला की बुटाच्या टोकाने पेडल सरळ करून घ्यावे लागते. एसपीडीला दोन भोकांचे बूट लागतात. क्लीट लहान आणि धातूची असते, रबरी तळव्याच्या खोबणीत बसते, आणि बहुतेक पेडलना दोन्ही बाजूंनी पाय अडकवता येतो. रोड बाइकला रोडचेच बूट हवेत असे तुमच्या ग्रुपमधले कोणी ना कोणी सांगेलच. त्या बुटांत पाय जास्त रुंद आधारावर टेकतो आणि लांबच्या वेगवान राइडला त्याचा फायदा होतो, हे खरे आहे. पण तुम्हाला ऑफिसच्या पार्किंगमधून लिफ्टपर्यंत जायचे आहे, बोपदेव घाट चढून झाल्यावर चहाच्या टपरीपर्यंत जायचे आहे, आणि एखाद्या दिवशी पंक्चर झाल्यावर सायकल ढकलत किलोमीटरभर चालायचे आहे. गुळगुळीत फरशीवर तीन भोकांच्या, म्हणजे तीन बोल्टच्या, बुटांनी चालताना माणूस बदकासारखा फेंगाडत चालतो, आणि दर वेळी प्लॅस्टिकची क्लीट थोडी थोडी झिजते ती वेगळीच. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पहिले बूट दोन बोल्टचेच घ्यावेत. काही स्वस्त रोड बुटांना दोन्ही प्रकारची भोके असतात आणि ‘दोन्ही चालते’ असे दुकानदार सांगतो, परंतु अशा सपाट तळव्यावर एसपीडीची क्लीट उघडी राहते आणि चालण्याची सोय, जिच्यासाठी आपण ती घेतो, तीच हातची जाते.

आता मापाविषयी, कारण पैसे बहुधा इथेच वाया जातात. चालायच्या बुटांत पाऊल चवड्याशी दुमडते, वरचे कापड पायाबरोबर सैलावते आणि थोडे चुकलेले माप खपून जाते. सायकलच्या बुटांचा तळ कडक असतो, पाऊल दुमडत नाही, आणि दोन-तीन तास त्याच जागी दाब पडत राहतो. माझा पहिला जोड ऑनलाइन, नेहमीच्या नंबरावर मागवलेला होता. लांबीला बरोबर होता, पण पुढून अरुंद. सासवड ओलांडेपर्यंत दोन्ही करंगळ्या बधिर होत, आणि मी तो दोष महिनाभर मोज्यांना देत होतो. तुम्ही असे करा की संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. दोन्ही पायांचे माप घ्या, कारण ते सहसा सारखे नसते, आणि मोठे माप धरा. हे बूट बहुधा युरोपीय नंबरांत मिळतात. शिमानोच्या तक्त्यात २६.५ सेंटिमीटरला ४२ आणि २७.२ सेंटिमीटरला ४३ नंबर येतो. दुसऱ्या कंपनीचा ४२ तेवढाच असेल असे धरून चालू नका, तिचा तक्ता सेंटिमीटरवरूनच वाचा. शक्य असेल तर दुकानात जाऊन, राइडला घालता तेच मोजे घालून बघा. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत, चवड्याच्या दोन्ही कडांना चिमटा बसता कामा नये, आणि चवड्यावर उभे राहून पुढे झुकलात तरी टाच वर सुटता कामा नये. पाऊल रुंद असेल तर लांबीचा नंबर वाढवून रुंदी मिळवू नका, तसे केले की टाच सैल होते. शिमानो काही नमुने रुंद मापातही काढते, ते मागून बघा.

नमुने विचाराल तर शिमानोचे एक्ससी१ आणि एमई१ हे दोन्ही सुरुवातीच्या श्रेणीतले, दोन बोल्टचे आहेत. डिकॅथलॉनचे स्वतःचे माउंटन बाइकचे बूटही त्यांच्या दुकानात पायात घालून बघता येतात. नव्या रंगाचा आग्रह नसेल तर मागच्या वर्षीचा रंग बराच स्वस्तात मिळू शकतो. माझा दुसरा जोड मी तसाच ४,२०० रुपयांना घेतला आणि तो पाच पावसाळे टिकला. कार्बनच्या तळव्यासाठी आज एक रुपयाही जास्त देऊ नका, तुमच्या वापराला नायलॉनचा पुरतो. बांधायला वेल्क्रोचे पट्टे पुरेसे आहेत. नाडीचे बूट आवडले तर नाडीचे टोक खोचायची जागा आहे ना, हे बघून घ्या, नाहीतर ते चेनमध्ये जाते. क्लीट बुटांबरोबर न येता सहसा पेडलच्या खोक्यात मिळते, तेव्हा ती दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

पेडलबरोबर बहुधा एसएच५१ ही काळी क्लीट येते, जी टाच बाजूला वळवल्यावरच सुटते. एसएच५६ या क्लीटमधून पाय आणखी काही दिशांनी, जोरात ओढला तर वरच्या दिशेनेही, सुटतो. जोरात पेडल मारणाऱ्यांना ती आवडत नाही, पण पहिल्या दोन महिन्यांसाठी मी तीच सुचवेन. मी स्वतः तिसऱ्या दिवशी कोंढव्याच्या सिग्नलला, वेग शून्य असताना, डावीकडे आडवा झालो होतो, आणि शेजारचा रिक्षावाला अत्यंत काळजीने म्हणाला, ‘‘अहो काका, पाय टेकवायचा ना!’’ पेडलच्या मागच्या बाजूचा ताणाचा स्क्रू सुरुवातीला बराच सैल ठेवा, आणि सिग्नल दिसताच, सायकल थांबण्याच्या कितीतरी आधी, एक पाय सोडवून घ्या.

क्लीट बसवताना बूट घालून अंगठ्यामागच्या आणि करंगळीमागच्या उंचवट्यांच्या खुणा पेनाने बुटाच्या कडेवर करा आणि क्लीटचा मध्य त्या दोहोंच्या दरम्यान ठेवा. शंका असेल तर किंचित टाचेकडे. काही बुटांत क्लीटची खोबण रबराच्या झाकणाने बंद असते, ते स्क्रू काढून किंवा कटरने कापून मोकळी करावी लागते. बोल्टच्या आट्यांना थोडे ग्रीस लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर ते गंजून बसतात, आणि चार मिलिमीटरच्या ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके आवळा. पहिल्या राइडनंतर ते पुन्हा एकदा आवळणे चुकवू नका. एक बोल्ट गळाला तर क्लीट बुटाखाली गोल फिरू लागते, टाच कितीही वळवली तरी पेडल ती सोडत नाही, आणि मग सायकल कशाला तरी टेकवून, बुटाचे पट्टे उघडून पाय बाहेर काढावा लागतो, बूट पेडललाच लटकलेला राहतो.