सेवा दोघांची, नेमणूक एकाची

ताई, सप्रेम जय ख्रिस्त. आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले. चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, आम्हाला नेपाळच्या डोंगरी भागातल्या एका मिशन हॉस्पिटलात सेवेसाठी पाठवलं. हे तिथला जनरेटर, ऑक्सिजन, पाणी असं सगळं बघतात. मी नर्स आहे, पण इथली नोंदणी झाली नाही, त्यामुळे वॉर्डात काम करता येत नाही. तरी दिवस पहाटे पाचला सुरू होतो. पेशंटसोबत आलेल्या बायका दार वाजवतात. ‘दिदी, नुन छ?’ कुणाला मीठ हवं, कुणाला पातेलं, कुणाला डॉक्टरांची चिठ्ठी वाचून हवी. बाहेरून येणारे डॉक्टर जेवायला आमच्याकडेच असतात. शनिवारी उपासना आणि नंतर सगळ्यांना डाळभात. दर तीन महिन्यांनी मंडळीला प्रार्थनापत्र पाठवायचं. तिकडून एकच विचारणा, ‘किती जण प्रभूकडे आले?’ माझ्याकडे आकडा नाही. मागच्या पत्रात एका बाईबद्दल मी वाढवून लिहिलं, तेव्हापासून झोप उडाली आहे. उगीच रडू येतं. हे म्हणतात, ‘तू इथं आहेस हीच सेवा.’ मला वाटतं, मी फुकटची स्वयंपाकीण आहे. आम्ही परत यावं का?

जय ख्रिस्त, माझ्या बाई.

परत यायचं की नाही हे आज ठरवू नकोस. झोप उडालेल्या माणसानं एवढा मोठा निर्णय घेऊ नये. आधी डॉक्टरला दाखव. रात्र रात्र जागणं, उगीच रडू येणं हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर त्याचा तुझ्या विश्वासाशी संबंध लावू नकोस. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तूच तिला हाताला धरून ओपीडीत नेलं असतंस. तिथले डॉक्टर तुझ्याच घरी जेवतात, त्यांच्यापुढे मन मोकळं करणं जड जाणार. मग इकडच्या एखाद्या, ओळखीच्या नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाशी फोनवर बोल. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून ‘आता पुरे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नव्हता. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा उठवून खायला घातलं. देवाला काय सांगायचं ते पोटभर झोप झाल्यावर सांग.

आता तुझ्या दाराबद्दल. हे वाचणाऱ्या सगळ्यांना तिथली रीत माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नेपाळच्या डोंगरातल्या हॉस्पिटलात पेशंट एकटा येत नाही, सोबत घरचं माणूस लागतंच. त्याला ‘कुरुवा’ म्हणतात. पेशंटला खाऊ घालणं, उठवणं-बसवणं, औषधं आणणं, रक्ताची सोय करणं हे सगळं कुरुवानं करायचं. घरातला कर्ता पुरुष पुष्कळदा कतारला किंवा मलेशियाला असतो, नाहीतर आपल्याकडेच मुंबई-पुण्यात एखाद्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. त्यामुळे सोबत येते ती बायको, सून, कधी कधी तर शाळेतली पोर. चाऱ्यासाठी झाडावर चढलेला सासरा खाली पडतो, त्याला जीपमध्ये घालून ती निघते. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली असते. पातेलं नाही, मीठ नाही, काडेपेटी नाही, आणि फॉर्मवर कुठे अंगठा द्यायचा हेही कळत नाही. ती पहाटे जे दार वाजवते ते तुझं. तू तिला मीठ देतेस आणि जाता जाता चिठ्ठी वाचून सांगतेस की ही गोळी जेवणाआधी, ही जेवणानंतर. अगं, हे नर्सिंगच आहे. वॉर्डाबाहेर चालतं, म्हणून कुठल्या रजिस्टरात चढत नाही, एवढंच.

मंडळीला हवा असलेला आकडा तुझ्याकडे नाही, आणि तो नसलेलाच बरा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानानं, कलम २६ नुसार, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई केली आहे. २०१८ साली लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेत, म्हणजे तिथल्या फौजदारी कायद्यात, त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याची देशाबाहेर रवानगी होते. आपल्याला तिथं जायला व्हिसा लागत नाही, आपला रुपया बऱ्याच ठिकाणी चालतो, पाट्याही देवनागरीत, म्हणून परदेश वाटत नाही. कायद्यापुढे मात्र तुम्ही परदेशीच. नगरला महिला मंडळात वाचलेलं पत्र संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी फेसबुकवर चढतं. त्यात त्या बाईचं नाव आणि फोटो असेल, तर तिला गावात काय भोगावं लागेल याचा विचार कर. हॉस्पिटलचंही नुकसान आहेच.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. आजारी माणसाला मीठ देताना मनात आकडा असेल, तर ते त्याला कळतं. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले आणि एकच आभार मानायला परत आला. ‘बाकीचे नऊ कुठे आहेत?’ असं प्रभूनं विचारलं खरं, पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्यानं काढून घेतलं नाही.

म्हणून पुढचं पत्र असं लिही. पहिल्याच ओळीत सांग की मागच्या वेळी अमुक मजकूर मी वाढवून लिहिला होता, तो चुकीचा आहे, आणि फोटो पाठवला असेल तर सगळीकडून काढून टाका. कारणं देत बसू नकोस. मग तुझा एक दिवस लिही, पहाटे पाचपासून रात्री दिवा मालवेपर्यंत. तांदूळ किती लागतो ते लिही, तुमच्या खिशातून किती जातं ते लिही. वीज गेल्यावर ऑक्सिजन चालू राहावा म्हणून तुझा नवरा मध्यरात्री कसा धावतो ते लिही. शेवटी स्पष्ट लिही की इथल्या कायद्यामुळे आणि पेशंटच्या मानासाठी यापुढे आम्ही कुणाच्या श्रद्धेबद्दल काही कळवणार नाही. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आधी फोन कर, म्हणजे पत्र वाचताना त्यांना धक्का बसणार नाही. मीही अशाच एका मंडळीच्या बाकावर लहानाची मोठी झाले आहे. आपल्या लोकांना खरं ऐकायची सवय लावली तर लागते. चार जणांची नाराजी होईल, ती होऊ दे.

तुझं खरं दुखणं मात्र मला दुसरीकडेच दिसतं. मंडळीनं पाठवताना जोडपं पाठवलं, पण नेमणूक एकाचीच केली. मानधन एक, कामाची यादी एक, तू त्या यादीच्या खालची ओळ. हे जुनंच आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली आपल्याकडे आले आणि १८९४ साली मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. त्यांचं नाव सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यांच्यासोबत आलेल्या पत्नी मेरी यांचं नाव किती जणांना सांगता येईल?

आणि हे नेपाळात तरी नवं नाही, की बाईला तिचं स्वतःचं काम असावं. तिथल्या एका मोठ्या मिशनची सुरुवातच अशा जोडप्यापासून झाली. रॉबर्ट फ्लेमिंग मसुरीच्या शाळेत शिक्षक आणि पक्ष्यांचे अभ्यासक होते. १९४९ साली पक्ष्यांच्या शोधात ते नेपाळातल्या तानसेनला पोचले. पत्नी बेथेल डॉक्टर होत्या. १९५४ साली युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं, तेव्हा काठमांडूत आया आणि लहान मुलांसाठीच्या दवाखान्यांचं काम बेथेलनी उभं केलं. पुढे नेपाळच्या जुन्या राणा राज्यकर्त्यांच्या एका वाड्यात शांता भवन हॉस्पिटल झालं, तिथंही त्याच डॉक्टर. त्यांनी घरी पाहुण्यांना जेवू घातलं नसेल असं नाही, पण त्यांची ओळख त्यांच्या कामावरून होती.

तेव्हा मंडळीच्या समितीला वेगळा अर्ज कर, तुझ्या सहीचा. तीन गोष्टी माग. नेपाळ नर्सिंग काउन्सिलच्या नोंदणीसाठी लागणारा वेळ आणि पैसा, तोवर तुझ्या नावाची ठरलेली जबाबदारी, आणि तुझ्या स्वतःच्या खात्यावर मानधन. पैशाचं बोलायला लाजू नकोस. सेवेत पैसा मागणं कमीपणाचं असतं तर तुझ्या नवऱ्याला तरी का देतात?

दारही पूर्ण वेळ उघडं ठेवायची गरज नाही. कुरुवा जिथं स्वयंपाक करतात त्या शेडमध्ये मीठ, हळद, काडेपेटी आणि दोन-चार पातेली असलेली पेटी ठेव. ती सांभाळायला गावच्या आमा समूहातल्या, म्हणजे आयांच्या गटातल्या, बायकांना सांग. तिथं १९८८ पासून महिला स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, देशभरात ५० हजारांहून जास्त. तुमच्या भागातलीही एखादी असेलच. चिठ्ठ्या समजावून सांगायचं काम तिच्यासोबत, ठरलेल्या वेळी कर. तू उद्या आजारी पडलीस तर ज्या मदतीचं दार बंद होतं, त्या मदतीवर कुरुवांना विसंबून राहता येत नाही.

राहिला नवरा. ‘तू इथं आहेस हीच सेवा’ हे तो प्रेमानं म्हणत असेल, मला शंका नाही. पण तुझं पत्र त्याला वाचायला दे, ‘फुकटची स्वयंपाकीण’ या शब्दांसकट. नेपाळात सुट्टी शनिवारची, आणि तुमच्याकडे त्याच दिवशी उपासना नि पंगत, रविवारी पुन्हा हॉस्पिटल. म्हणजे विसाव्याचा दिवसच नाही. आठवड्यातली एक दुपार दोघांनी मिळून मोकळी काढा आणि बाहेरच्या डॉक्टरांना त्या दिवशी कॅन्टीनमध्ये जेवू द्या. शनिवारचा डाळभात तिथल्या मंडळीतले बाकीचे पाळीपाळीनं करतील. विचारून तर बघ, डोंगरातली माणसं पंगतीला हात लावायला मागं राहत नाहीत.

एवढं सगळं करून, आजारावर उपचार घेऊन, सहा महिन्यांनी पुन्हा विचार कर. तेव्हाही मन घराकडेच ओढ घेत असेल तर या, बिनधास्त या. नगरच्या सरकारी दवाखान्यातही कुणाची तरी चिठ्ठी वाचून सांगायची असतेच. मधल्या काळात समितीनं अर्जाला उत्तर दिलं नाही तर मला कळव, दुसरा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.