वाचकांचे प्रश्न: एराविकुलम ऐन सीझनला बंद का?

प्रश्न: फेब्रुवारीत फॅमिलीसोबत मुन्नारला गेलो होतो, एराविकुलम नॅशनल पार्कमधला नीलगिरी ताहर, म्हणजे तिथला रानबकरा, बघायचा म्हणून, तर पार्क बंद! एवढे टुरिस्ट येतात, मग बंद कशाला ठेवतात? आणि हिमालयातला ताहर केरळात आला कसा? कुरिंजी कधी फुलणार तेही सांगा.
– एक वाचक, सातारा

उत्तर: बंद ठेवतात ते पिल्लांसाठी हो. ताहर पावसाळ्यात जुगतात आणि साधारण सहा महिन्यांनी, जानेवारी-फेब्रुवारीत माद्या वितात, पिल्लू बहुतेक एकच, आणि राजमलाला, म्हणजे पार्कच्या पर्यटकांसाठीच्या भागात, गर्दी एवढी की सेल्फीसाठी लोक पार अंगावर जातात, मग आई बिथरते. म्हणून दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गेट बंद. तुमचा हिरमोड झाला हे कळतं, पण हे व्हायलाच पाहिजे. एप्रिलनंतर जा, पिल्लंही दिसतील, फक्त त्यांना खायला काही घालू नका, प्लीज.

आणि तो हिमालयातून आलेला नाहीये. दिसतो तसा, नावही तेच, पण डीएनए तपासल्यावर कळलं की हा मेंढीच्या जास्त जवळचा आहे, म्हणून 2005 पासून त्याला वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) टाकलंय. केरळ आणि तमिळनाडूचे डोंगर सोडले तर जगात कुठेच नाही. त्याला लागतं उंचावरचं मोकळं गवत आणि शेजारी कडा, बिबट्या आला की सरळ कड्यावर. खरी अडचण तिथेच झाली, गवत म्हणजे पडीक जमीन असं समजून ब्रिटिश काळापासून कितीतरी डोंगरांवर चहा, निलगिरी, वॉटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) लावत गेले, झाडं वाढली आणि ताहरचं घर गेलं. एराविकुलमचं वाचलं कारण मळेवाल्या साहेबांनी ते शिकारीसाठी राखून ठेवलं होतं आणि राखणीला तिथलेच मुथुवन आदिवासी होते. 1978 ला नॅशनल पार्क झालं, 97 चौरस किलोमीटर, त्यातच दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर अनामुडी, 2695 मीटर. त्या अनामुडीवरच्या एका केशरी-लाल बेडकाची तर नवी जात म्हणून नोंद व्हायला 2010 उजाडलं! त्यामुळे उघडा डोंगर दिसला की झाडं लावायला धावणाऱ्यांनी आधी तिथे कोण राहतं ते बघावं, आपल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवरसुद्धा.

कुरिंजी 12 वर्षांनी फुलते, आपल्या कारवीचीच बहीण. 2018 ला फुलली होती, आता 2030, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास.