रॉकीचा शेवटचा राउंड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात बॉक्सर रॉकीच्या मालिकेतल्या ‘रॉकी बाल्बोआ’बद्दल लिहिताना आम्ही २००६ च्या या चित्रपटाला ‘रॉकीचा खरा शेवट’ म्हटलं होतं. त्यावरून वाचकांनी चांगलंच धारेवर धरलं. कुणाला ‘शेवट’ मान्य नाही, कुणाला लढतीचा निकाल, तर कुणाला रॉकीच्या बायकोचं, ॲड्रियनचं नसणं. लांबलचक पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवून काही प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा, कारण खाली निकाल उघड सांगितला आहे.

प्रश्न : २००६ नंतर तीन ‘क्रीड’ येऊन गेले. मग शेवटचा चित्रपट २००६ चा कसा? (डोंबिवली)

उत्तर : नुसती मोजदाद केली तर तुमचंच बरोबर. १९७६, ७९, ८२, ८५, ९० आणि २००६ असे सहा ‘रॉकी’. त्यानंतर २०१५, २०१८ आणि २०२३ चे ‘क्रीड’. पण ‘क्रीड’ ही रॉकीचा जुना प्रतिस्पर्धी आणि मित्र अपोलो क्रीड याच्या मुलाची, ॲडोनिसची गोष्ट आहे. पहिल्या दोन भागांत रॉकी आहे, पण कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा. तिसऱ्यात रॉकी साकारणारा आणि त्याच्या कथा लिहिणारा सिल्व्हेस्टर स्टॅलोन पडद्यावर दिसतच नाही, फक्त निर्मात्यांत नाव आहे. रॉकी स्वतः हातमोजे चढवून रिंगमध्ये उतरतो तो शेवटचा चित्रपट २००६ चा, आणि आम्ही म्हटलं ते त्याच अर्थाने.

प्रश्न : मुलगा म्हणतो, ‘रॉकी ५’ वगळूनच बघा. इतका वाईट आहे का? (सांगली)

उत्तर : वाईट आहे, पण वगळू नका. चाहत्यांचा मुख्य राग शेवटावर आहे. आधीच्या चारही भागांत शेवटची लढत रिंगमध्ये होते. इथे ती रस्त्यावर, स्वतःच्याच शिष्याशी. बॉक्सिंगच्या चित्रपटात ताण कशाने चढतो? घंटेने, राउंडच्या मोजणीने, कोपऱ्यातल्या एका मिनिटाच्या विश्रांतीने. हे सगळं काढून घेतलं की उरते ती गल्लीतली हाणामारी. त्यात शिष्य टॉमी गनचं काम केलंय टॉमी मॉरिसनने, जो खरा हेवीवेट बॉक्सर होता. १९९३ मध्ये त्याने माजी जगज्जेत्या जॉर्ज फोरमनला गुणांवर हरवलं. असा गडी हाताशी असून त्याच्याशी रॉकीची रिंगमधली लढत दाखवलीच नाही.

मूळ पटकथेत रॉकी या मारामारीनंतर मरणार होता. पुढे ते बदललं, आणि चित्रपटाची सगळी चढण मृत्यूकडे नेणारी असूनही शेवट मात्र जमवून घेतल्यासारखा झाला. आणखी एक गंमत चाहते आजही उगाळतात : ‘रॉकी ४’ संपतो तिथूनच ‘रॉकी ५’ सुरू होतो, पण तेवढ्यात रॉकीचा लहानगा मुलगा एकदम मिसरूड फुटायच्या वयाचा झालेला असतो. मुलाच्या भूमिकेत स्टॅलोनचा खरा मुलगा सेज आहे, हे त्याचं कारण. तिकीटबारीनेही तोंड फिरवलं. चौथ्या भागाने अमेरिकेत पावणेतेरा कोटी डॉलरच्या घरात कमाई केली होती, पाचवा चार कोटींच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

तरी पहिला तास बघाच. पैसा जाणं, जुन्या वस्तीत परत येणं, मुलाशी फाटणं हे सगळं तिथून आलंय. सहाव्या भागात बाप-लेक रस्त्यावर एकमेकांना सुनावतात, त्या प्रसंगाची धार त्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. ‘रॉकी ५’ मध्ये त्याच्या मेंदूला इजा झाल्याचं निदान आहे. मग साठीच्या उंबरठ्यावर त्याला परवाना मिळतोच कसा? (नाशिक)

उत्तर : चित्रपटाची ही सगळ्यात कच्ची बाजू आहे. परवाना देणाऱ्या बॉक्सिंग आयोगासमोर एवढंच सांगितलं जातं की, त्याने सगळ्या चाचण्या पार केल्या आहेत. तरी आयोग आधी नकार देतो, मग रॉकी बोलतो आणि परवाना मिळतो. जुन्या निदानाचा उल्लेखही नाही. खऱ्या आयुष्यात चाळिशीपुढच्या बॉक्सरकडे आयोग मेंदूचा एमआरआय, हृदयाची तपासणी, डोळे आणि रक्त यांचे अहवाल मागतात. मेंदूच्या जुन्या दुखापतीची नोंद असेल तर भाषण कितीही हृदयाला भिडणारं असो, फाइल पुढे सरकत नाही.

वयाचा आक्षेप मात्र आता टिकत नाही. चित्रपट जाहीर झाला तेव्हा ‘म्हातारा रॉकी’ म्हणून भरपूर चेष्टा झाली होती. पण त्याआधीच, ५ नोव्हेंबर १९९४ ला, फोरमनने ४५ व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवून जगज्जेतेपद परत मिळवलं होतं. आणि याच चित्रपटात ओझरता दिसणारा माइक टायसन २०२० मध्ये, ५४ व्या वर्षी, रॉय जोन्सशी प्रदर्शनीय लढत खेळला आणि २०२४ मध्ये ५८ व्या वर्षी जेक पॉलशी अधिकृत लढत. दोन्ही वेळा आयोगांनी काळजी घेतली ती अशी : आठच राउंड आणि तेही तीनऐवजी दोन मिनिटांचे. पॉलशी लढताना हातमोजेसुद्धा जड, १४ औंसांचे होते. रॉकीला मात्र दहा राउंड, पूर्ण जोमात.

प्रश्न : चित्रपटात संगणकावर जुन्या-नव्या बॉक्सरची लढत लावतात, ही कल्पना स्टॅलोनची? (औरंगाबाद)

उत्तर : नाही. १९६९ मध्ये मुहम्मद अली आणि निवृत्त, अपराजित रॉकी मार्सियानो यांना समोरासमोर उभं करून बऱ्याच राउंडचं चित्रीकरण केलं गेलं होतं. संगणकाने दिलेल्या निकालाप्रमाणे ते जोडलं आणि जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखवलं. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या राउंडमध्ये जिंकताना पाहिलं. पण तो स्वतः तोवर हयात नव्हता, ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात गेला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. म्हणजे संगणकही घरचा प्रेक्षक बघून निकाल देत होता म्हणायचं!

प्रश्न : शेवटची लढत आधीच्या भागांपेक्षा अगदी टीव्हीवरच्या सामन्यासारखी वाटते. हे कसं साधलं? (पुणे)

उत्तर : तुमची नजर बरोबर आहे. बाकीचा चित्रपट फिल्मवर आहे, लढतीचा बराचसा भाग हाय-डेफिनिशन व्हिडिओवर. एचबीओ वाहिनीच्या प्रक्षेपणाची हुबेहूब मांडणी घेतली आहे : तीच पडद्यावरची अक्षरं, जिम लॅम्पली, लॅरी मर्चंट आणि मॅक्स केलरमन हेच खरे समालोचक, निवेदक मायकल बफर, रेफरी जो कॉर्टेझ. ३ डिसेंबर २००५ ला लास वेगासच्या मँडले बेमध्ये जर्मेन टेलर आणि बर्नार्ड हॉपकिन्स यांची फेरलढत होती. तिथे तिकीट काढून आलेली गर्दी रॉकीच्या लढतीला वापरली. तो रिंगकडे चालत येतो तेव्हाचा कोलाहल म्हणूनच स्टुडिओत भरल्यासारखा वाटत नाही.

दुसरी गोष्ट ठोशांची. रॉकीच्या समोरचा जगज्जेता मेसन डिक्सन म्हणजे खरा बॉक्सर अँटोनियो टार्व्हर, ज्याने मे २००४ मध्ये रॉय जोन्सला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवं केलं होतं. काही ठोसे खरेच लागलेले आहेत. पाहायचं असेल तर चेहरे सोडा, खांदे आणि पाय बघा. नाटकी ठोशात खांदा पुढे येतो, मागचा पाय मात्र जमिनीला चिकटलेला राहतो. टार्व्हरची मागची टाच वळते आणि वजन पुढच्या पायावर येतं. जुन्या भागांत ‘धप्प’ आवाजावर भागवलेलं बरंच काही इथे अंगात दिसतं.

उणीव एकच, आणि ती मालिकेला पहिल्यापासून आहे : गार्ड, म्हणजे चेहऱ्यापुढे हात धरून केलेला बचाव. खरे हेवीवेट राउंडला साधारण चाळीस-पन्नास ठोसे टाकतात, त्यातले बरेच चुकतात किंवा हातांवर झेलले जातात. इथे निम्म्याहून जास्त तोंडावर बसतात.

प्रश्न : डिक्सनला विजयी कसं ठरवलं? आम्ही चौघांनी बसून गुण दिले, चौघांचाही रॉकी जिंकला. (कोल्हापूर)

उत्तर : आधी गुण कसे देतात ते पाहू. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. राउंडमध्ये एकदा खाली पडलात तर बहुधा ८, दोनदा पडलात तर ७. तीन पंच स्वतंत्रपणे गुण लिहितात. दोघांच्या कागदावर एक जिंकला आणि तिसऱ्याच्या कागदावर दुसरा, तर तो विभागलेला निकाल. डिक्सन असाच जिंकतो, म्हणजे एका पंचाने रॉकीलाच कौल दिला होता. तुमचा चौघांचा कौल अगदीच जगावेगळा नाही.

पण तुम्ही मधले राउंड कसे मोजले? ते पडद्यावर पूर्ण दाखवलेलेच नाहीत. सुरुवातीचे राउंड नीट दिसतात, मग कृष्णधवल चित्रांचा वेगवान तुकडा येतो, त्यात मध्येच लाल रंग, जुन्या आठवणी, आणि थेट दहावा राउंड. त्या तुकड्यात संगीत रॉकीच्या बाजूने आहे. आपण संगीताला गुण देतो. सुरुवातीच्या राउंडमध्ये डिक्सनचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि वेग उघड वरचढ आहे. दहाव्यात रॉकी एका गुडघ्यावर जातो. ते नॉकडाउन धरलं आणि राउंडही डिक्सनचा धरला, तर तिथे १०-८ गेले. आमच्या मते निकाल योग्य आहे.

आता डिक्सनच्या हाताबद्दल. रॉकीच्या कमरेच्या हाडावर ठोसा बसून त्याचा डावा हात मोडतो, याला काही वाचकांनी ‘सोयीचा अपघात’ म्हटलंय. सोयीचा आहेच, पण अशक्य नाही. बोटांमागची हाडं बारीक असतात, कमरेचं हाड रुंद आणि टणक. खाली मारलेला हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, चुकला की हे होतं. आणि डिक्सन डावखुरा आहे. डावखुऱ्याचा पुढचा हात उजवा, ताकदीचा मागचा हात डावा. म्हणजे मोडला तो त्याचा नॉकआउटचा हात! साठीचा माणूस दहा राउंड उभा कसा राहिला, याचं पटण्यासारखं उत्तर पटकथेने इथे दिलंय.

डीव्हीडीवर रॉकी जिंकतो असा पर्यायी शेवटही आहे. एकदा पाहा आणि मग मूळ शेवट पुन्हा लावा. पहिल्या चित्रपटातही रॉकी विभागलेल्या निकालानेच हरतो, आणि निकाल सांगत असताना ॲड्रियनला हाका मारत असतो. सहाव्यात निकाल वाचला जात असताना तो लोकांना हात करत बाहेर चाललेला आहे. जिंकवला असता तर त्याला थांबून हात वर करून घ्यावा लागला असता. मूळ निकालावर नाराज चाहते बरेच आहेत, पण पर्यायी शेवट बघून ‘हाच हवा होता’ म्हणणारे फार थोडे.

शास्त्रोक्त आक्षेप घ्यायचाच असेल तर हा घ्या : रॉकी-डिक्सन लढत प्रदर्शनीय आहे, आणि प्रदर्शनीय लढतीला सहसा निकालच नसतो.

प्रश्न : ॲड्रियनला मारायची काय गरज होती? आमच्या घरी आईने इथेच चित्रपट बंद केला. (सातारा)

उत्तर : आधीच्या मसुद्यात ती जिवंत होती. स्टॅलोनला त्यात जोर वाटला नाही. आम्हालाही वाटतं की ती असती तर तिने त्याला ‘लढू नकोस’ म्हटलं असतं, आणि हा प्रसंग आपण दुसऱ्या आणि चौथ्या भागात पाहिला आहे. आईंना एवढंच सांगा की ती चित्रपटभर आहे, निदान रॉकीने तिच्या नावाने काढलेल्या हॉटेलच्या पाटीवर तरी.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, बॉक्सिंग शिकतो. रॉकीसारखी पाच कच्ची अंडी पहाटे घेतली तर चालेल? (इचलकरंजी)

उत्तर : नको. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, पाचांत ३०. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. म्हणजे निम्मे पैसे पाण्यात, वर साल्मोनेला जंतूंची भीती. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं एव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं उकडा, पळून आल्यावर खा.

लटकवलेल्या मांसावर ठोसे मारण्याचाही मोह नको. फासळ्या सगळीकडे सारख्या नसतात, मनगट मुरगळतं. हाताला साडेचार मीटरची पट्टी, आधी मनगट, मग मुठीवरचे बोटांचे सांधे, पुन्हा मनगट, आणि आपल्या वजनाच्या साधारण निम्म्या वजनाची बॅग. बॅग फार हलकी असली की झोके खाते आणि तुम्ही तिच्या मागे धावता.

प्रश्न : लेक न्यू जर्सीत असते. फिलाडेल्फियाला जाऊ तेव्हा काय काय बघावं? (ठाणे)

उत्तर : रॉकी सरावात धावत चढतो त्या कला संग्रहालयाच्या ७२ पायऱ्या. मध्ये सपाट टप्पे आहेत, त्यामुळे गुडघे दुखत असले तरी थांबत थांबत चढता येतं. हिवाळ्यात बर्फ असेल तर मात्र धावायचा हट्ट नको. सहाव्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत याच पायऱ्यांवर साधी माणसं, पोरंसोरं धावत जाऊन हात उंचावतात. ‘रॉकी ३’साठी ए. थॉमस शोमबर्गने केलेला ब्राँझचा पुतळा याच परिसरात आहे. ‘ॲड्रियन्स’ हॉटेलचं चित्रीकरण दक्षिण फिलाडेल्फियातल्या व्हिक्टर कॅफेत झालं. इटालियन जेवण मिळतं आणि वाढपी मध्येच ऑपेरा गाऊ लागतात. टेबल आधी सांगून ठेवा. वेळ उरला तर लॉरेल हिल दफनभूमी. चित्रपटासाठी केलेली ॲड्रियनची शिळा तिथे अजून आहे. खाली कुणी पुरलेलं नाही, पण आजूबाजूच्या कबरी खऱ्या आहेत, तेव्हा फोटो काढताना तेवढं भान ठेवा.