कूलिंग टॉवरच्या फिलमध्ये बर्फ धरतो. थंडीत लोड निम्मा होतो, म्हणून टॉवरकडे जाणारा व्हॉल्व्ह अर्धा आवळतो. बेसिनमध्ये किती किलोवॉटचा हीटर बसवावा?

हीटरने बेसिन (टॉवरखालची पाण्याची टाकी) वाचेल, फिल (ज्यावरून पाणी पसरून उतरतं ते पीव्हीसी शीटचे थर) नाही. पंप बंद आहे, पाणी नुसतं साचलंय आणि बाहेर पारा शून्याखाली गेलाय, अशा वेळी ते पाणी ४-५ अंशांवर राखायचं एवढंच त्या हीटरचं काम. पंप चालू झाला की तो बंद झाला पाहिजे, म्हणजे इंटरलॉक हवा. लो-लेव्हल कटऑफ तर हवाच, नाहीतर पाणी उतरल्यावर एलिमेंट कोरडं तापून जळतं. किलोवॉट मात्र बेसिनचं क्षेत्रफळ आणि तुमच्याकडचं सर्वांत कमी तापमान धरून काढतात. दोन्ही आकडे तुम्ही दिलेले नाहीत.

पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: 'थंडीत लोड निम्मा होतो, म्हणून टॉवरकडे जाणारा व्हॉल्व्ह अर्धा आवळतो.' बर्फाचं मूळ तिथेच आहे. थंडीत पाणी कमी करायचं नसतं, हवा कमी करायची असते. यावर ऑपरेटरांशी कितीही डोकं लावा, व्हॉल्व्ह आवळणारे आवळतातच, कारण 'पंपाची वीज वाचते'. वाचते, थोडीशी. आणि फिल जातं.

काउंटरफ्लो टॉवरमध्ये (पाणी खाली, हवा वर) नोझलला ठरलेला दाब मिळाला तरच फवारा पूर्ण पसरतो. व्हॉल्व्ह आवळला की फवारा आकसतो आणि फिलच्या कडांना नुसते ओघळ येतात. बाहेरची गारठलेली हवा आधी त्या कडांनाच लागते. पातळ ओघळात उष्णता ती किती? खाली पोचेपर्यंत तो गोठतो. पीव्हीसीच्या शीटवर आधी पांढरट साय धरते, मग दोन शीटमधली फट बुजते, मग खालच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबायला लागतात. वजन वाढलं की ब्लॉक सपोर्टवरून वाकून खाली येतात. हातोडीने बर्फ फोडायला जाऊ नका. थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं, बर्फाच्या आधी शीटच तुटतील. लूव्हरवर (हवा आत येते तिथल्या झडपांवर) पातळ बर्फ दिसला तर घाबरायचं कारण नाही, फिलमध्ये दिसला तर आहे.

थर्मामीटरवरही विसंबू नका. हवा ४ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर वेट बल्ब (बाष्पीभवनाने पाणी जेवढं गार होऊ शकतं ते तापमान) उणे १ च्या आसपास येतो. म्हणजे हवा शून्याच्या वर असूनही फिलवरचं पाणी गोठू शकतं.

पंख्याला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर टॉवरमधून निघणारं पाणी ६-७ अंशांच्या खाली जाणार नाही असा सेटपॉइंट ठेवा आणि चालू सेलचे (सेल म्हणजे टॉवरचा स्वतंत्र कप्पा) सगळे पंखे एकाच वेगाने फिरवा. व्हीएफडी नसेल तर पंखे चालू-बंद करा, पण तासाला किती स्टार्ट चालतात ते मोटरवाल्याकडून घ्या. लोड खरोखरच कमी असेल तर एखादा सेल पूर्ण बंद करून त्याचं पाणी बाकीच्यांवर टाका. बंद सेलचा व्हॉल्व्ह पक्का बसतो का बघा. गळणाऱ्या व्हॉल्व्हमधून ठिबकणारं पाणी बंद सेलचं फिल हळूहळू गोठवून टाकतं. बंद सेलच्या बेसिनला हीटर आणि इक्वलायझर लाइनला (बेसिन एकमेकांना जोडणाऱ्या पाइपला) हीट ट्रेसिंग (पाइप तापता ठेवणारी विजेची केबल) हवंच.

सुरू करताना सगळं पाणी बायपासने थेट बेसिनमध्ये फिरवा, २५ अंशांच्या वर तापलं की पूर्ण प्रवाह टॉवरवर सोडा. अर्धा बायपास, अर्धा टॉवर असं नको. तो पुन्हा आवळलेलाच व्हॉल्व्ह.

बर्फ धरलाच तर पंखा उलटा फिरवून वितळवता येतो, पण फक्त इंड्युस्ड ड्राफ्टमध्ये (पंखा वर बसून हवा ओढतो अशा टॉवरमध्ये), निम्म्या वेगाच्या आत, थोडी मिनिटं आणि माणूस समोर उभा ठेवून. आधी पंखा पूर्ण थांबू द्या, नाहीतर गिअरबॉक्स जाईल. उलट फिरताना पात्यांवर बर्फ चढतो, म्हणून व्हायब्रेशन स्विच चालू स्थितीत हवा.

मेकअप लाइन (घटलेलं पाणी भरून काढणारा पाइप) आणि तिचा फ्लोट व्हॉल्व्ह लोक हमखास विसरतात. फ्लोट उघडा असताना गोठला तर रात्रभर ओव्हरफ्लो. ट्रेसिंग, वर इन्सुलेशन, जमल्यास इलेक्ट्रिक लेव्हल कंट्रोल.

कोणीतरी ग्लायकोल (पाणी गोठू नये म्हणून मिसळायचं द्रव) सुचवेलच. ओपन टॉवरमध्ये ते ड्रिफ्ट (हवेबरोबर उडणारे थेंब) आणि ब्लोडाउनबरोबर (मुद्दाम काढून टाकलेल्या पाण्याबरोबर) वाहून जातं आणि उरलेल्यावर जिवाणू पोसतात. क्लोज्ड सर्किटच्या कॉइलमध्ये (जिथे पाणी बंद नळ्यांतून फिरतं) ठीक: ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकोल साधारण उणे १३ पर्यंत चालतं, कूलिंग क्षमता मात्र थोडी घटते. कॉइल 'रिकामं करून ठेवू' म्हणू नका. वळणांत पाणी उरतंच, आणि गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं.

आणि हो, किमान प्रवाहाचा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. काही क्रॉसफ्लो टॉवर (हवा आडवी जाते असे) कमी प्रवाहासाठी खास नोझल घेऊन येतात, त्यांना थोडी सूट आहे. तुमचा तसला असेल तर मॅन्युअलमधला आकडा पाहून तेवढ्यापर्यंतच खाली या. नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि त्याचं हँडव्हील काढून कुलपात ठेवा.